कडा नसलेली चित्रं

ओल्या स्पंजाला एक वास असतो. आधी तो नुसता दमट वाटतो, मग त्यात आंबूसपणा उतरतो, आणि एकदा बोटांना लागला की साबणानेही जात नाही. त्या शाळेत रोज सकाळी प्रत्येकाने आपला स्पंज बादलीत बुडवायचा, पिळायचा, त्याने जाड पांढरा कागद ओला करायचा आणि त्यावर रंग सोडायचा. रंग पसरतो, शेजारच्या रंगात शिरतो, रेघ म्हणून कुठे उरत नाही. मुलांनीही हेच करायचं आणि मुलांना शिकवायला शिकणाऱ्या आम्ही मोठ्यांनीही.

मी त्या शिकणाऱ्या मोठ्यांत होतो. सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांत काढून निवृत्त झालो आणि घरात करमेना. नेहमीच्या शाळा माझ्या वयाच्या माणसाला फाटकातच गोड बोलून परत पाठवतात. ही शाळा म्हणाली, आमच्याकडे वयाची अट नाही. वर्षभराचं प्रशिक्षण घ्या, दाखला मिळाला की आमच्याच बालवर्गावर या. मला दाखल्याचं काय कौतुक असणार? मला वर्ग हवा होता. सकाळी कुणीतरी नाक ओढत येऊन 'हा मला ढकलतो' असं सांगायला हवं होतं.

शिवाय त्यांची कल्पना मला पटलेली होती. लहान मुलांनी गावं, मातीत हात घालावेत, लोकर विणावी, बागेत खणावं. अक्षरं सात वर्षं झाल्यावर. फार लवकर अक्षरांना जुंपलेली मुलं कशी कोमेजतात ते मी जन्मभर पाहिलंय. म्हणून सुरुवातीला मी घरी येऊन कौतुकच सांगायचो.

"आज काय शिकलात?" ही विचारायची.

"पाण्यासारखं चालायला."

"या गुडघ्यांनी?"

"हात असे लांब करायचे, मग आपण नदी आहोत असं समजायचं."

"अहो नदीमहाराज, वाहता वाहता तेवढा कचरा बाहेर ठेवा."

मी हसायचो. शिकायचं तर थोडं हसं करून घ्यावंच लागतं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पहिल्यांदा खटकला तो आवाज. शाळेच्या मुख्य बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणत. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तशा त्या बोलत. मुलांशी तशाच, आमच्याशी तशाच, तुंबलेली मोरी मोकळी करायला आलेल्या माणसाशीही तशाच. "आपण या पाण्याला पुन्हा वाट देऊ या," असं त्या त्याला म्हणाल्या तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीबाहेर पाहिलं. हळूहळू सगळे शिकाऊही तसंच बोलू लागले. आमच्यात बँकेतली नोकरी सोडून आलेला एक तरुण होता, त्याला आम्ही बँकवाला म्हणायचो, तोही एक दिवस मला कुजबुजत म्हणाला, "आजोबा, चहा घेणार का?" घरात कुणी गेलंय की काय असं वाटलं मला.

मग एकेक दिसू लागलं. वर्गाच्या चारही कोपऱ्यांत फिक्या गुलाबी रंगाची कापडं सोडलेली, कारण कोपरा मुलाला टोचतो. कापडांमागे धूळ आणि मेलेल्या माश्या. मेणाचे खडू हातांच्या उष्णतेने मऊ झालेले, त्यांना चिकटलेले केस. बाहुल्यांना तोंडं नाहीत, कारण तोंड मुलाने कल्पावं. त्या बिनतोंडाच्या बाहुल्या मुलांनी चोखून चोखून काळ्या केलेल्या. आणि काळा रंग तर वर्गात बंद. रेघही बंद. बँकवाल्याने एकदा ओल्या कागदावर कुणाला कळू न देता घराची बाह्यरेघ काढली. ताई मागून आल्या, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"घर वाहून जाईल याची," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. ताईंनी त्याचा कागद उचलला आणि नळाखाली धरला.

बालवर्गात एक मुलगी होती. सहा पुरी होऊन सातवं लागलेली, बारीक, मान जरा तिरकी धरणारी. तिला सगळे ढगू म्हणायचे, कारण ती जे काही काढी त्याचा ढग होई. झाड काढलं तर हिरवा ढग, आई काढली तर पिवळा. पण काय ते रंग! एकमेकांत असे उतरत की पाहत राहावं, हे मीही कबूल करतो. तिची चित्रं दारापाशी टांगलेली, माहितीपत्रकावर छापलेली. बाहेरून पाहुणे आले की ताई त्यांना तिच्या पाठीशी आणून उभं करत आणि त्याच आवाजात सांगत, "हिला अजून कडा दिसत नाहीत. बाकीच्या मुलांचं जग तुटून वेगळं झालंय. हिचं अजून एक आहे."

पाहुणे डोळे मिटून मान हलवत. ढगू कागदावर वाकलेली असे. इतकी वाकलेली, की पुढचे केस रंगात बुडत आणि नाकाच्या शेंड्याला निळा ठिपका लागे.

तो ठिपका मी रोज पाहत होतो. एकदा सकाळी मी माझा कोट खुंटीला अडकवून स्पंज भिजवायला गेलो. ढगू आत आली, कोटासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, आज मी लवकर आले." उत्तराची वाट पाहत उभी राहिली. कोट काही बोलेना, तेव्हा ती जरा हिरमुसली आणि जागेवर जाऊन बसली.

त्याच आठवड्यात शाळा सुटताना फाटकापाशी एक प्रकार झाला. ढगूची आई शिवणकाम करते, दोन गल्ल्या पलीकडे तिचं दुकान आहे. ती रोज मोठा पिवळा रुमाल डोक्याला बांधून यायची. त्या दिवशी तिला उशीर झाला आणि फाटकासमोरून पिवळा रेनकोट घातलेली एक परकी बाई चालली होती. ढगू धावत गेली, तिचा हात धरला आणि तिच्याबरोबर चालू लागली. ती बाई दचकली. मी पळत जाऊन पोरीला आणलं. मागून आई आली, तिला सांगितलं तर हसली. "ती अशीच हो, तंद्रीत असते. ताई म्हणतात, त्यात ढवळाढवळ करायची नाही."

मी दुसऱ्या दिवशी ताईंकडे गेलो. म्हटलं, "या मुलीचे डोळे तपासायला हवेत. तिला दिसत नाहीये."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. उमजत नसलेल्या मुलाकडे बघून मी हसतो, तसंच. "आजोबा, आयुष्यभर तुम्ही मुलं तपासलीत. इथे आपण तपासायला नाही, पाहायला शिकतोय."

"पाहूनच सांगतोय. ती माझ्या कोटाशी बोलली."

"किती सुंदर!" त्या म्हणाल्या. "आणि समजा चष्मा लागलाच. चष्मा लागला की जग फार लवकर पक्कं होतं. सात वर्षांपर्यंत तरी आपण तिला ते द्यायला नको."

मी उठलो. मुलांना वाट पाहायची असते हे मला माहीत आहे. शिकवण्यात निम्मं काम वाट पाहण्याचंच असतं. पण डोळा वाट पाहत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा डोळा असाच राहिला होता. तिच्या आईवडिलांना डॉक्टरांनी सांगितलेलं मी शेजारी उभं राहून ऐकलं होतं, की लहानपणीच डोळ्याला कामाला लावलं नाही तर तो पुढे कामाला लागत नाही, मग कसलाही चष्मा घाला. आणि या शाळेत तर डोळ्याला कामच नव्हतं. अक्षरं नाहीत, फळा नाही, रेघ नाही, सुईत दोरा ओवायचा नाही, बाहुलीचं तोंडसुद्धा नाही. मुलगी निम्मी आंधळी असली तरी इथे कुणाला कळायचं कारण नव्हतं. इथे ती पहिली येणार होती.

दर आठवड्याला आमचं बालनिरीक्षण असे. सगळे शिकाऊ गोल बसायचे, मध्ये एक मेणबत्ती. एका मुलाबद्दल बोलायचं, नियम एकच: जे दिसलं तेवढंच सांगायचं, निष्कर्ष काढायचा नाही. हा नियम मला मनापासून आवडायचा. माझी पाळी आली तेव्हा मी ढगूला निवडलं. वाटलं, यांच्याच नियमाने यांना दाखवू.

"ती कागदापासून एवढ्या अंतरावर बसते," म्हणून मी तळहात नाकासमोर धरला. "माझ्या कोटाला मी समजली. परक्या बाईला आई समजली. चेंडू अंगावर आदळेपर्यंत तिला तो आलेला कळत नाही. पायरी उतरताना आधी पायाने चाचपते. लांबचं काही दाखवलं की मान उजवीकडे वळवून डाव्या डोळ्याने बघते."

एवढं बोलून मी थांबलो. मेणबत्तीची वात तडतडली.

"ती कागदाच्या आत राहते," एक शिकाऊ बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तिच्यासाठी वस्तूतही जीव आहे," दुसऱ्या म्हणाल्या. "आपण कोटाशी बोलायचं कधी थांबलो?"

"आणि प्रत्येक बाईत तिला आई दिसते," तिसरे गृहस्थ म्हणाले.

"चेंडू अंगावर आदळतो त्याचं काय?" मी विचारलं.

"ती जगाला आपल्यापर्यंत येऊ देते," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी मिळून एक दीर्घ उसासा सोडला.

तो उसासा माझ्या तोंडावर आला. चहा, मेण आणि त्या स्पंजांचा आंबूस वास, सगळं एकत्र. मुलाला मारणारे मास्तर मी पाहिलेत, मुलावर ओरडणारे पाहिलेत, वर्गात झोपणारेही पाहिलेत. त्यांचा राग येतो. पण एका लेकराच्या न दिसणाऱ्या डोळ्यांभोवती बसून, त्याचाच घास चघळावा तसे हे सगळे तृप्त होत होते, ह्याचा राग येत नव्हता. किळस येत होती. बाहेर येऊन मी बागेतल्या नळावर तोंड धुतलं.

बँकवाला मागून आला. "आजोबा, तुम्ही निष्कर्ष काढलात."

"काढला."

"ताईंच्या चेहऱ्यावर दिसला. दाखला गेला तुमचा." मग आवाज अजून खाली नेत म्हणाला, "मी तोंड उघडलं नाही. मला इथे वर्ग मिळायचाय."

"मलाही मिळायचाय," मी म्हटलं.

संध्याकाळी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, हात थांबला नाही. "आणि तुम्ही नळावर तोंड धुऊन आलात?"

"मग काय करणार होतो?"

"त्या पोरीची आई काय त्या गोलात बसली होती? तिला जाऊन सांगा की! तुम्हाला पण त्यांचीच सवय लागली, ज्याला सांगायचं त्याला सोडून मेणबत्तीला सांगायची."

मी चपला घातल्या.

दुकान म्हणजे एकच खोली. दाराशी शिलाई मशीन, मागच्या भिंतीला कापडांचे गठ्ठे, त्या गठ्ठ्यांवर ढगू पाय हलवत बसलेली. भिंतीवर तिचं चित्र, काचेच्या चौकटीत. मी आईला हळू आवाजात सगळं सांगितलं. तिचा पाय मशीनवरून निघाला.

"आजोबा, पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोरीला हुशार म्हणालंय. आधीच्या शाळेत हिला मंद म्हणायचे. ताईंनी ही चित्रं बघून हिला घेतली. आता तुम्ही म्हणता, ती हुशारी नाही, दुखणं आहे?"

"हुशार आहे. रंग तिचेच आहेत. फक्त तिला दिसत नाही."

"घरात तर बरोबर चालते."

"घर पाठ झालंय तिचं."

ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. मग तिने मान वळवली आणि पोरीकडे पाहिलं. त्या दोघींचा काही खेळ असावा. आईने गालाचा फुगा केला, डोळे तिरळे केले आणि जीभ बाहेर काढली. तोंडाने आवाज केला नाही. ढगू आईच्याच दिशेने बघत होती. पाय हलवत होती. चेहऱ्यावर तेच गोड, रिकामं हसू.

आईने जीभ आत घेतली नाही बराच वेळ. मग तिने जिभेने टॉक असा आवाज केला आणि ढगू लगेच खिदळली. "आई, वेडावलंस ना!"

"हो गं," आई म्हणाली. उठली, दुकानाचा पडदा ओढला. "डॉक्टर या वेळी असतात का हो, आजोबा?"

डोळ्यांच्या डॉक्टरबाई त्या वेळी होत्या. खुर्ची मोठी, ढगू तीत हरवून गेली. समोर दिव्याच्या पेटीवर चित्रं: घर, मासा, छत्री. डॉक्टरबाईंनी तिचा उजवा डोळा झाकला. तिने मान वळवून मोठा मासा ओळखला. मग त्यांनी डावा झाकला.

"दिवे गेले का?" ढगूने विचारलं.

आईने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.

"दिवे आहेत, बाळा," डॉक्टरबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. तो साधा आवाज ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "दोन्हीला नंबर आहे, पण उजव्याने काम करणंच सोडलंय. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी. रोज, शाळेतसुद्धा. वेळ अजून आहे, पण वाया घालवायला नाही. आधी कसं लक्षात आलं नाही?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी बाकाखालच्या फरशीकडे पाहिलं. सांगणार काय? लक्षात सगळ्यांच्या आलं होतं. टाळ्या वाजवत होते.

चष्मा आला. पट्टी आली. ढगू पहिले काही दिवस पट्टीखाली रडली, कारण चांगला डोळा झाकून वाईट डोळ्याने बघायचं म्हणजे शिक्षाच. आई तिला दुकानात बसवून बटणं निवडायला लावायची, आधी मोठी, मग लहान. शाळेतही पट्टी ठेवायची असं आई ताईंना सांगून आली होती. ताईंनी आईचे दोन्ही हात हातात घेऊन "अर्थातच" म्हटलं होतं.

मला त्या आठवड्यात बागेत पाठवलेलं. वर्गात माझ्यामुळे शांतता राहत नाही, असं ताईंचं म्हणणं होतं. स्पंजांची बादली बदलायला म्हणून मी रंगकामाच्या वेळी आत गेलो. मुलं ओल्या कागदांवर वाकलेली, मागे भिंतीशी दोन पाहुणे, ताई. आणि ढगू नाक कागदाला लावून, केस निळ्या रंगात. चष्मा नाही. पट्टी नाही.

फळीवर, मेणाच्या खडूंशेजारी, एक पिशवी ठेवलेली होती. निळ्या लोकरीची, हाताने विणलेली, वर चांदण्या भरलेल्या. किती निगुतीने भरल्या होत्या! त्या पिशवीत चष्मा होता आणि पट्टीची नीट घडी होती. म्हणजे हे रोजचं होतं. कुणीतरी वेळ काढून, बसून, प्रेमाने, या कामासाठी पिशवी विणली होती.

मी बादली खाली ठेवली. पाणी थोडं सांडलं. पिशवीतून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, ढगूपाशी गुडघ्यांवर बसलो. "इकडे बघ गं." पट्टी लावली, चष्मा घातला, कानामागे काड्या नीट बसवल्या.

"आजोबा," ताई म्हणाल्या, त्याच आवाजात, "रंगांच्या तासाला आपण ते काढतो. रंग वाहायला हवेत."

"डॉक्टरांनी शाळेतसुद्धा सांगितलंय. तुम्ही तिच्या आईला हो म्हणालात."

"आपण नंतर बोलू. मुलांसमोर नको."

"मुलांसमोरच काढलात ना?"

माझा आवाज चढला नव्हता. पण त्या खोलीत साधं बोलणंही ओरडल्यासारखं वाटायचं. मुलांचे हात थांबले. ढगूने पट्टीबाहेरच्या एका डोळ्याने हळूहळू सगळीकडे पाहिलं: कोपऱ्यातली गुलाबी कापडं, बिनतोंडाच्या बाहुल्या, पाहुण्यांचे जोडे. मग भिंतीवर तिचं मोठं चित्र टांगलं होतं, तिथे तिची नजर थांबली. ती उठून जवळ गेली.

"हे कुणी सांडलं?" तिने विचारलं.

एक पाहुणा खोकला.

"तूच काढलंस की," शेजारचा मुलगा म्हणाला. "ती तुझी आई आहे."

"ही?" ढगू म्हणाली आणि खो खो हसत सुटली. "माझ्या आईला नाक आहे!"

सगळा वर्ग हसला. बँकवाला हसला, पाहुण्यांतली एक बाई हसली. मोठ्या ताई मात्र त्या चित्रासमोर अशा उभ्या होत्या, जसं काही त्यांच्या घरातलं कुणीतरी गेलं. चष्मा लागलेल्या मुलीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. "हरवलं," त्या पुटपुटल्या. "एवढ्यात हरवलं." आणि हे त्या मनापासून म्हणत होत्या. ढोंग असतं तर मला सोसलं असतं. त्यांना खरंच दुःख झालं होतं, एका मुलीला दिसू लागल्याचं.

त्याच दिवशी मला सांगण्यात आलं, की माझा प्रवास आणि त्यांचा प्रवास वेगळा आहे. प्रवास म्हणजे दाखला. मी कोट घेतला, नळावर हात धुतले, आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर थांबलो. माझं तिथे काही काम नव्हतं. एवढं एकच बघायचं होतं.

आई वेळेवर आली. आज डोक्याला पिवळा रुमाल नव्हता, अंगावर राखाडी कपडे, आणि ती मुद्दाम रस्त्याच्या पलीकडे, इतर आयांच्या गर्दीत, एक शब्द न बोलता उभी राहिली. मला तिने पाहिलं, पण ओळख दिली नाही. ढगू फाटकातून बाहेर आली. थांबली. मान उजवीकडे वळवू लागली, मग तिला आठवलं असावं, पट्टीचा डोळा काही उपयोगाचा नाही. मान सरळ केली. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर फिरत होती. वेळ लागत होता. मी पुढे होऊन मदत केली नाही, आईनेही केली नाही. आईने फक्त गालाचा फुगा केला, डोळे तिरळे केले आणि जीभ बाहेर काढली.

"आई!" ढगू ओरडली. "लोक बघतायत!"

घरी आलो तर हिने दारातच विचारलं, "काय झालं?"

"वर्ग गेला."

"आणि पोरगी?"

"तिला दिसलं."

ही बाजूला झाली, मला आत घेतलं. मग नाक मुरडून म्हणाली, "आधी हात धुवा. कसला घाण वास येतोय."